कंपनीच्या माणसाशी बोलायचं काय?

जुलै उजाडला की माझ्याकडे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं येऊ लागतात. कॅम्पसचा हंगाम सुरू झालेला असतो, कंपन्यांचे प्री-प्लेसमेंट टॉक, म्हणजे भरतीआधी कंपनीची माहिती देणारी भाषणं, चालू असतात आणि गाऱ्हाणं ठरलेलं : "मॅडम, टॉक संपल्यावर काही मुलं पुढे जाऊन सरांशी बोलतात. मला जमतच नाही. आणि बोलायचं तरी काय? चमचेगिरीच ना ती?" मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पुण्यात आलेल्या मुलांकडून हे जास्त ऐकते, पण कोथरूडची मुलंही यातून सुटलेली नाहीत.

अक्षय (नाव बदललं आहे) लातूर जिल्ह्यातला. कॉम्प्युटर शाखा, गुण चांगले, प्रोजेक्ट खरोखर स्वतः केलेला, जे हल्ली दुर्मीळ. वडिलांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र. टॉकला हा शेवटच्या रांगेत बसायचा आणि टाळ्या वाजवून होस्टेलवर परतायचा.

"पुढे गेलास तर काय होईल?"

"इंग्रजी अडखळेल. सर म्हणतील, हा कोण आला."

"आणि अजिबात अडखळला नाहीस तर?"

"तरी हात पसरल्यासारखंच की, मॅडम. आमच्या घरात कुणापुढे हात पसरत नाहीत."

इथे दोन गाठी आहेत. एक फजितीच्या भीतीची, दुसरी स्वाभिमानाची. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत पहिलीवरच काम होतं : हस्तांदोलन कसं करावं, नजर कुठे ठेवावी, टाय कसा बांधावा. दुसरी गाठ तशीच राहिली, तर हे सगळं शिकलेला मुलगाही शेवटच्या रांगेतच बसतो.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली समुपदेशक. घटना माणसाला जेवढं छळत नाही, तेवढी तिच्याबद्दलची समजूत छळते, यावर माझा विश्वास आहे. पहिल्या गाठीसाठी मी अक्षयला एलिसचाच किस्सा सांगितला. १९३३ साली, एकोणीस वर्षांचा असताना, मुलींशी बोलायची भीती घालवायला तो महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावरच्या अनोळखी मुलींशी बोलत होता. त्याच्याच सांगण्याप्रमाणे शंभर जणींशी बोलला. भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही. पण भीती गेली. (आज हा प्रयोग कुणी बागेत करू नये, हेही मी लगेच सांगते.) अक्षय पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. "अडखळलो तर वाईट वाटेल" आणि "अडखळता कामाच नये" यांतला फरक त्याला हळूहळू पटत गेला.

दुसरी गाठ मात्र हलेना. मग एकदा मी नोकरीचा विषयच बाजूला ठेवला आणि विचारलं, "दुकानात बसतोस का रे?"

"सुट्टीत बसतोच. या दिवसांत तर फवारणीची गर्दी."

"गिऱ्हाईक कसं कसं येतं?"

मुलगा खुलला. "एक जण येतो, म्हणतो, भाऊ, सोयाबीनवर मारायला काहीतरी द्या. त्याला काय द्यायचं? दुसरा पिशवीत पान घेऊन येतो. सांगतो, बांधाकडच्या चार ओळी पिवळ्या पडल्यात, बाकी रान हिरवं आहे. मग पप्पा पान उलटं करून पांढरी माशी बघतात. पिवळा मोझॅक तीच पसरवते ना. त्याच्याशी मग गर्दीतही पंधरा मिनिटं बोलत बसतात."

"हा पान घेऊन आलेला माणूस हात पसरतोय असं वाटतं तुला?"

तो बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

"नाही. उलट पप्पांना तो आवडतो. म्हणतात, याचं शेतात लक्ष आहे." आणि मग, "मॅडम, मग माझं पान कुठलं?"

अशी वाक्यं मी मुलांच्या तोंडी घालत नाही, ती निघेपर्यंत थांबते. एवढ्या वर्षांत मला काही साधलं असेल, तर हे थांबणं. कंपनीचा माणूसही काउंटरमागेच बसलेला असतो आणि दिवसभर "सर, काहीतरी द्या" ऐकून कंटाळलेला असतो, हे अक्षयला मी सांगावं लागलं नाही. काउंटरमागे तो स्वतः बसला होता.

त्याचं पान होतं त्याचा प्रोजेक्ट : दुकानातल्या औषधांच्या मुदतीची नोंद ठेवणारं ॲप. नेट गेल्यावर दोन मोबाइलवरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी आली, तेव्हा तो पुढे गेला. नाव, शाखा आणि एवढाच प्रश्न. "सिंक्रोनायझेशन"वर अडखळला, समोरच्या इंजिनीअरनंच शब्द पुरवला आणि कागदावर दोन चौकोन काढून म्हणाला, "मोबाइलच्या घड्याळावर विसंबू नकोस, ते चुकीचं असू शकतं."

आता रीतीभातीचं. टॉक देणाऱ्यांत एचआरचं कोण आणि प्रत्यक्ष काम करणारं कोण, हे आधी ओळखा. भरतीचे टप्पे एचआरला विचारा, कामाचं दुसऱ्याला. कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलेलंच विचारू नका. पॅकेज टॉकमध्ये सांगतातच, नाही सांगितलं तर टीपीओंना, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, विचारा. पाहुणे जेवत असताना घोळका करू नका. बायोडेटा मागितल्याशिवाय हातात कोंबू नका. मागे कुणी उभं असेल तर दोन मिनिटांत आभार मानून बाजूला व्हा. मोबाइल नंबर कुठून तरी मिळवून व्हॉट्सॲपवर "हाय सर" तर नकोच. लिंक्डइनवर विनंती पाठवताना कुठे भेटलो आणि काय बोललो, हे दोन ओळींत लिहा. पहिल्याच निरोपात "प्लीज रेफर मी" आलं की सगळं मुसळ केरात. आणि भरतीप्रक्रिया चालू असताना कंपनीशी परस्पर संपर्क करायला अनेक कॉलेजांत मनाई असते, म्हणून आधी प्लेसमेंट सेलचा नियम पाहा.

दोन मिनिटांच्या ओळखीनं काय होणार, असं पालक विचारतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली अमेरिकेतल्या न्यूटन या बोस्टनलगतच्या गावातली पाहणी मांडली. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांपैकी ५५.६ टक्क्यांची त्या माणसाशी फक्त अधूनमधून गाठ पडत होती, २७.८ टक्क्यांची तर क्वचितच. नेहमीच्या भेटीतली माणसं १६.७ टक्केच. जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. नवी खबर येते ती लांबच्या ओळखीतून.

अक्षय त्या कंपनीच्या लेखी परीक्षेत मागे पडला. तरी निकालानंतर त्यानं त्या इंजिनीअरला आभाराचा निरोप पाठवला आणि घड्याळाची अडचण आपण कशी सोडवली, ते लिहिलं. उत्तर आलं, त्यात आणखी एक चूक दाखवलेली होती. ॲपमधली ती चूक काढूनच तो पुढच्या कंपनीच्या टॉकला गेला.

असं उत्तर सगळ्यांनाच येत नाही. नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, त्यावरही शांतता असेल तर तो विषय सोडावा. समोरचा माणूस कामात असतो. आपल्याला नाकारलं असा त्याचा अर्थ लावू नये आणि रात्री दोनला "सर, सीन?" असं तर मुळीच विचारू नये.