खासगी जागेतून गाडी उचलून नेली. टोइंगची फी न भरता आधी वाद घालावा का?

तुम्ही लिहिलंय की बंद ऑफिसच्या आवारात लावलेली गाडी टो झाली, यार्डवाला अवाच्या सवा पैसे मागतोय आणि मित्र म्हणतो, 'एकदा भरलेस की मान्य केल्यासारखं होतं, आधी भांड.'

आधी भरा. गाडी बाहेर काढा. मग भांडा. तुमच्या मित्राचं हे वाक्य मी गेली चार वर्षं माझ्या दाजींच्या तोंडून ऐकतेय, म्हणून एवढं लिहायला बसलेय.

गाडीही दाजींचीच होती. आईची दाढ काढायची होती आणि संध्याकाळची शेवटची वेळ मिळाली होती. दवाखान्यासमोर जागा नव्हती. पलीकडच्या दुकानाचं शटर खाली, पुढचं आवार रिकामं. म्हटलं तासाभरात कोणाचं काय जातंय. तासाने आईला धरून बाहेर आले तर जागा मोकळी. पहिला विचार चोरीचाच येतो. पोलिसांना फोन केला तर त्यांनी शांतपणे विचारलं, 'तिथे टोइंगचा बोर्ड आहे का बघा.' होता. खांबावर, यार्डच्या फोन नंबरासकट. यार्डात फोन लावला, 'या, कधीही या' म्हणाले. तोंडात कापूस धरलेल्या आईला घरी सोडलं आणि ११:३५ ला यार्डच्या गेटवर पोचले. तिथे उभी राहून गेटचा फोटो काढला. पुढे काही होईल म्हणून नाही, दाजींना पत्ता पाठवायचा होता म्हणून.

जाळीमागच्या माणसाने कागदपत्रं बघितली, आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. पावती छापली तेव्हा तिच्यावर वेळ होती १२:०९ आणि स्टोरेजचे, म्हणजे गाडी यार्डात ठेवण्याचे, दिवस दोन! मला गेटवर ताटकळत ठेवलं तेवढ्यात तारीख बदलली होती.

मी भरले. पण त्याच्या प्रतीवर आणि माझ्या प्रतीवर पेनाने लिहिलं, 'रक्कम मान्य नाही. गाडी सोडवण्यासाठी हरकत नोंदवून भरत आहे,' आणि सही केली. तो म्हणाला, 'असं लिहायचं नसतं इथे.' मी म्हटलं, 'लिहिलं आता.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी: 'भरलेस ना? मग संपलंच गं. मी असतो तर गाडी तिथेच ठेवली असती, झक मारत आले असते.'

कोण आलं असतं? यार्डवाल्याला घाई नसते. गाडी उभी आहे तोवर त्याचं मीटर चालू असतं, रोजचं. बऱ्याच ठिकाणी पैसे चुकते होईपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क त्याला कायद्यानेच असतो, आणि मुदत उलटली की नोटीस देऊन तो ती लिलावातही काढू शकतो. म्हणजे तुम्ही तत्त्वासाठी बसून राहता आणि वादाची रक्कम रोज वाढते. हरकत लिहून भरलेले पैसे परत मागता येतात.

आता बिल. 'मी तिथे दहाच मिनिटं लावली होती' हे पत्रात लिहू नका, ते कोणी वाचत नाही. बिलाची फोड मागा आणि ओळ न् ओळ तपासा. माझ्या बिलात चार ओळी होत्या: उचलण्याचे, डॉलीचे, अंतराचे, स्टोरेजचे. अंतर मी नकाशावर मोजलं, बरोबर निघालं, सोडून दिलं. स्टोरेजसाठी गेटच्या फोटोची वेळ आणि फोनची यादी पुरली.

डॉलीची गोष्ट मात्र मला पुन्हा पुन्हा सांगायला आवडते. डॉली म्हणजे उचललेल्या गाडीची जी दोन चाकं रस्त्यावर राहतात त्यांच्याखाली सरकवायची छोटी चाकांची गाडी. ती चाकं मोकळी फिरत नसतील तर लागते. दाजींची गाडी ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांवर चालणारी. गिअर पी मध्ये, म्हणजे पार्किंगवर, टाकला की पुढची चाकं अडकतात. मागची अडकतात ती हँडब्रेकने. आणि मी सपाट जागेवर हँडब्रेक ओढत नाही. यावरून लग्नात, बारशात, सगळीकडे बोलणी खाल्ली आहेत. म्हणजे नाक उचलून नेली तर मागची चाकं मोकळी, डॉलीचं काम काय? उचलताना टोवाले स्वतःच्या बचावासाठी फोटो काढतात, ते मी लेखी मागितले. फोटोत गाडी नाकाने लटकलेली, मागची चाकं थेट रस्त्यावर, खाली काही नाही. त्या दिवशी हँडब्रेक ओढलेला असता तर डॉली आणावीच लागली असती. हे दाजींना अजून पटत नाही. (उतारावर मात्र ओढा, तिथे ते बरोबर आहेत.)

त्या काळात रात्री जागून नको ते सगळं वाचलं. ओढ्यात उलटलेली मित्राची गाडी बाहेर काढताना माणसांची फे फे उडाली, म्हणून १९१६ साली अमेरिकेतल्या चॅटनूगाच्या अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याने टो ट्रक बनवला म्हणे. अडकलेल्याला सोडवायला निघालेलं यंत्र. असो.

पत्र दोघांना पाठवा, टोवाल्याला आणि जागेच्या मालकाला. मालकाला विसरतात लोक. गाडी उचलली जाते ती त्याच्या नावावर, आणि टोवाल्याला त्याचं काम टिकवायचं असतं. माझ्या पत्राला टोवाल्याने तीन आठवडे उत्तर दिलं नाही. दुकानमालकाला प्रत गेल्यावर चार दिवसांत फोन आला. पैसे हातात पडायला एकूण सात आठवडे लागले.

किती मिळाले? डॉलीचे पूर्ण आणि एका दिवसाचं स्टोरेज. मिळून बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. उचलण्याचे मिळाले नाहीत, मी मागितलेही नाहीत, कारण बोर्ड होता आणि चूक माझी होती. हे दाजींसमोर मी अजून म्हटलेलं नाही.

तुमच्याकडे बोर्ड नसेल किंवा झाडाआड असेल तर तुमची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे, तिथे पूर्ण रक्कम मागा. मालकाने ही गाडी उचला असं त्या वेळी सांगितलं होतं का, हेही विचारा. काही ठिकाणी प्रत्येक गाडीसाठी वेगळी परवानगी लागते, काही ठिकाणी कायमचा करार चालतो, तेव्हा तुमच्याकडचा नियम काढून बघा. टोइंगच्या दराला कमाल मर्यादा घातलेली असेल तर अर्धं काम तिथेच झालं. गाडी चारही चाकांवर चालणारी असेल तर माझा डॉलीचा मुद्दा विसरा. ती दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरची वाट लागते, त्यामुळे डॉली किंवा फ्लॅटबेडचे (अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकचे) पैसे रास्त आहेत. कार्डाने भरून नंतर बँकेकडून पैसे फिरवून घेण्याचा सल्लाही कोणीतरी देईल. मी तरी केलं नसतं, टोवाला वसुलीला मागे लागतो आणि वाद नव्याने सुरू होतो.

बंपर, हेडलाइटखालचा भाग आणि चाकांच्या कडा यार्डच्या आतच उजेडात बघा, फोटो काढा. गेटबाहेर आल्यावर दाखवलेला ओरखडा तुमचाच ठरतो. आणि गाडी अजून आतच असेल तर फोन करून आजचा दिवस किती वाजता संपतो ते विचारा, आणि त्याच्या बऱ्याच आधी पोचा.