तीळ छातीपर्यंत वाढला, पण बोंडं कुठे?

प्रश्न: नमस्कार ताई, मी भांडुपला राहतो, गाव चोपडा तालुक्यात. शेती मोठा भाऊ बघतो, बी-खताचे पैसे मी पाठवतो. गेल्या पावसाळ्यात पद्मा तीळ केला होता, बऱ्यापैकी निघाला. ह्या उन्हाळ्यात एकेटी-१०१ लावला. दुकानदार म्हणाला ह्या वाणाला खत जास्त लागतं, म्हणून एकरी एक बॅग डीएपी (नत्र म्हणजे नायट्रोजन आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत) पेरताना आणि दोन बॅग युरिया नंतर टाकला. झाडं छातीपर्यंत गेली, पण खाली बोंडंच नाहीत, वाऱ्यात अर्धं शेत आडवं झालं आणि माल पद्मापेक्षा कमी. वाण खराब निघाला की खत?

उत्तर: दादा, वाणाला दोष देऊ नका, तो बिचारा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा चांगला वाण आहे आणि उन्हाळ्यासाठीच सांगितलेला आहे. आधी खताचा हिशेब बघा. युरियाची बॅग ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे दोन बॅगांत ४१ किलो, डीएपीतून आणखी ९, झालं एकरी ५० किलो नत्र. आपल्याकडे तिळाला शिफारस साधारण हेक्टरी ५० किलोची, म्हणजे एकरी २०. अडीचपट गेलं की हो! २० किलो नत्र म्हणजे युरियाची जेमतेम एक बॅग, आणि तीही एकदम नाही, अर्धी पेरताना आणि अर्धी तीन-चार आठवड्यांनी विरळणी (दाट उगवलेली जादा रोपं उपटणं) आणि खुरपणी झाल्यावर, जमिनीत ओल असताना. डीएपी दिलं असेल तर त्यातलं नत्र पण ह्यातूनच वजा करायचं, हे बहुतेक जण विसरतात.

जास्त नत्राने काय होतं, तर तीळ हे पीक फुलं आली तरी वरती वाढतच राहतं, त्याला नत्र मिळालं की ते पानं आणि उंची करत बसतं, दाट सावलीत खालची फुलं गळतात, बोंडं वर सरकतात, खोड लुसलुशीत राहतं आणि वारा आला की लोळतं. वर पीक उशिरा आणि मागेपुढे पिकतं, त्यामुळे खालची बोंडं तडकून दाणे मातीत जातात तोवर वरची हिरवीच असतात. तेलाचं प्रमाणसुद्धा थोडं उतरतं. म्हणजे उंची बघून खुश होण्यात काही अर्थ नाही, बोंडं मोजा.

आता वाणाप्रमाणे खत बदलतं का? बदलतं, पण दुकानात सांगतात तसं नाही. पहिल्या काही किलो नत्राला जवळजवळ सगळेच वाण चांगला प्रतिसाद देतात, त्याच्या पुढच्या हप्त्याला कमी, आणि एका मर्यादेनंतर उत्पादन हलतच नाही. जास्त फांद्या करणारा वाण नीट विरळणी केलेली असेल तर थोडं जादा नत्र सत्कारणी लावतो. पद्मा ७२ ते ७८ दिवसांत येतो, तापी नावाचा वाण ८० ते ८५, एकेटी-१०१ नव्वदच्या पुढे जातो. म्हणून पद्माला दुसरा हप्ता लांबवला तर तो वापरायला त्याच्याकडे दिवसच उरत नाहीत, एकेटीला चार-आठ दिवस इकडेतिकडे चालून जातं. आणि तुम्ही खरिपातला पद्मा नि उन्हाळ्यातला एकेटी असं तोलताय, त्यात हंगाम वेगळा, पाणी वेगळं, खत वेगळं, ह्यातून वाणाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

मला विरळणीबद्दल जरा जास्तच सांगावंसं वाटतं कारण तुम्ही ती लिहिलीच नाहीत. बी एवढं बारीक की एकरी किलोभर पुरतं, ते वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळून पेरलं तरी दाट उगवतंच. ३० सेंटिमीटरच्या ओळीत दोन झाडांत १५ सेंटिमीटर ठेवलं तर हेक्टरी सव्वादोन लाखांच्या आसपास झाडं बसतात. विरळणी न करता खत वाढवलं तर फक्त गर्दी वाढते. भावाला सांगा, खताच्या तिसऱ्या बॅगेचे पैसे मजुरीला वापर.

पुढच्या वेळी डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, एकरी सव्वा बॅग. त्यातून १० किलो स्फुरद मिळतं आणि सोबत सात किलोच्या आसपास गंधक फुकटात येतं, तेलबियांना ते लागतंच, डीएपीत ते नाही. माती परीक्षण करून घ्या. आणि पटवून घ्यायचं असेल तर शेतातच पट्टे पाडा: एकाच दिवशी दोन्ही वाण पेरा, प्रत्येकाला एक पट्टा बिनखताचा, एक शिफारशीचा, एक दीडपट, हेच शेतात दोन-तीन ठिकाणी करा म्हणजे एखादा पाणथळ कोपरा फसवणार नाही. कडेच्या ओळी सोडून दहा-दहा झाडांची बोंडं मोजा, झोडणी वेगवेगळी करा आणि वाळलेल्या दाण्याचं वजन लिहून ठेवा. तुमच्या जमिनीला किती खत पुरतं ते ह्यातून कळेल.

प्रश्न: मुलुंडला गॅलरीत कुंडीत तीळ येईल का? खत कोणतं देऊ?

उत्तर: पाच-सहा तास थेट ऊन असेल तर येईल. फेब्रुवारीत लावा, मुंबईच्या पावसात मुळाशी पाणी साचून मरतो. मातीत थोडं कंपोस्ट मिसळा, युरिया नको, कुंडीच्या तळाचं भोक मोकळं ठेवा.

प्रश्न: संक्रांतीला दादरच्या मार्केटात एकदम पांढराशुभ्र तीळ मिळतो, तो जास्त खत घातलेला असतो का?

उत्तर: नाही हो. दाण्याचा रंग वाणाचा असतो, खताने काळा तीळ पांढरा होत नाही. तो शुभ्र दिसतो कारण त्याची साल काढलेली असते. लाडवाला चालतो, पण चटणीला सालीसकटच घ्या, कॅल्शियम बरंचसं सालीतच असतं.