बॉनी रेट ही ब्लूज-रॉक गायिका पन्नास वर्षांहून जास्त गातेय म्हणे, तिचे चाहते तिला इतकं का मानतात? २०२३ च्या ग्रॅमीआधी मी तिचं नावही ऐकलं नव्हतं

नाव ऐकलं नव्हतं यात विशेष काही नाही हो, त्या रात्री अर्धं जग हेच विचारत होतं. ५ फेब्रुवारी २०२३, साँग ऑफ द इयरच्या यादीत बियॉन्से, अडेल, टेलर स्विफ्ट, हॅरी स्टाइल्स, लिझो, केंड्रिक लमार, आणि तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांनी पाकीट उघडून नाव घेतलं बॉनी रेटचं. ती स्वतःच आ वासून बघत राहिली. नंतर एका ब्रिटिश पेपरनं मथळ्यात तिला चक्क 'अनोळखी ब्लूज गायिका' म्हटलं आणि चाहत्यांनी त्या पेपरची जी काय पिसं काढली! कारण तोपर्यंत या अनोळखी बाईकडे दहा ग्रॅमी होते, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये ती २००० सालीच गेली होती, आणि लाईफटाईम अचिव्हमेंट ग्रॅमीसुद्धा आदल्याच वर्षी मिळाला होता.

पण चाहते तिला मानतात ते पुरस्कारांमुळे नाही. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. ब्लूज हे काळ्या लोकांचं संगीत, ते उचलून गोऱ्या पोरांनी करोडो कमावले आणि ज्यांच्याकडून शिकले ते म्हातारे गरिबीत गेले, ही रॉकची जुनी आणि लाजिरवाणी गोष्ट आहे. बॉनीनंही तिथूनच घेतलं, पण घेतलं ते आयुष्यभर परत करत राहिली, आणि कुठलाही गाजावाजा न करता. तिचे जुने चाहते सगळ्यात आधी हेच सांगतील.

थोडी पार्श्वभूमी देतो. जन्म १९४९ चा, कॅलिफोर्नियातल्या बरबँकचा. वडील जॉन रेट न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरचे मोठे गायक-नट, आई पियानो वाजवणारी, घर क्वेकर पंथाचं, म्हणजे साधी राहणी, युद्धाला विरोध वगैरे. लहानपणी ख्रिसमसला गिटार मिळाली आणि शाळकरी वयात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवातल्या ब्लूजची एक रेकॉर्ड ऐकून ती आपली आपणच स्लाईड शिकली. स्लाईड म्हणजे बोटात काचेची नळी घालायची (पूर्वी बाटलीची मानच कापून घ्यायचे) आणि तारेवरून ती सरकवायची, मग सूर तुटक न येता एकातून दुसऱ्यात वाहत जातो. आपल्या कानाला मींड ओळखीची असते त्यामुळे आपल्याला हे वाजवणं फार लवकर भिडतं असा माझा अनुभव आहे, ज्यांना रॉक म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांनाही. शिकवायला कुणी नव्हतं म्हणून तिनं ती नळी मधल्या बोटात घातली, बहुतेक लोक करंगळीत किंवा अनामिकेत घालतात, आणि कळलं तोवर सवय झाली होती, ती आजही तशीच आहे.

१९६७ मध्ये ती रॅडक्लिफ कॉलेजात गेली, आफ्रिकेचा अभ्यास करायला. टांझानियात जाऊन काम करायचं असा प्लॅन होता. पण तिथे, म्हणजे अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, डिक वॉटरमन भेटला, तो सन हाऊस, स्किप जेम्स, मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल अशा जुन्या ब्लूजवाल्यांचे कार्यक्रम सांभाळायचा, आणि वीस-एकवीस वर्षांची ही लाल केसांची पोरगी या लोकांबरोबर गावोगाव फिरायला लागली. कॉलेज राहिलं बाजूला. फ्रेड मॅकडॉवेलनं तिला स्लाईडमधलं बरंच काही दाखवलं. तो १९७२ मध्ये गेला आणि त्याच्या थडग्यावर जो दगड होता त्यावर बिचाऱ्याचं नावसुद्धा चुकीचं कोरलेलं होतं. १९९३ मध्ये मिसिसिपीतल्या कोमोजवळ नवा दगड बसवला गेला, नाव नीट, त्याचा खर्च बॉनीनं केला. एकवीस वर्षांनी हं. तोवर ती स्टार झालेली होती, कुणी विचारणारही नव्हतं.

सिपी वॉलेसचं तर अजून भारी आहे. ही बाई १९२० च्या दशकात ब्लूजच्या रेकॉर्ड्स काढणारी, नंतर डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत बसलेली, जग विसरून गेलेलं. बॉनीनं १९७१ च्या आपल्या पहिल्याच अल्बममध्ये तिची गाणी घेतली, १९७२ मध्ये अ‍ॅन आर्बरच्या महोत्सवात तिच्याबरोबर गायली, मग तिला आपल्या कार्यक्रमांना घेऊन जायला लागली आणि १९८२ च्या सिपीच्या नव्या अल्बममध्ये गिटार वाजवली. वयाची ऐंशी ओलांडलेल्या बाईला परत स्टेज मिळालं. चार्ल्स ब्राऊन हा चाळीसच्या दशकातला पियानोवाला गायक, त्यालाही तिनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला असंच आपल्या टूरवर नेलं. आणि १९८८ मध्ये रिदम अँड ब्लूज फाउंडेशन निघालं त्यात ती संस्थापकांपैकी एक. त्याच्यामागे जुनी गायिका रूथ ब्राऊनचा लढा होता, रेकॉर्ड कंपन्यांनी जुन्या काळ्या कलाकारांच्या रॉयल्टीचे हिशेब वर्षानुवर्षं बुडवले होते ना, त्याच्यासाठी. पैसे, दवाखान्याची बिलं, अशी मदत या फाउंडेशननं जुन्या लोकांना केली.

आता गाण्याबद्दल, नाहीतर तुम्हाला वाटेल नुसती समाजसेविका आहे.

तिचा आवाज मोठा नाही. साठच्या दशकातल्या रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनसारखं गळा फाडून गाणं तिनं कधी केलं नाही. थोडा खरखरीत, थोडा झोपेतून उठल्यासारखा, आणि सूर अगदी जिथल्या तिथे. गाण्यात ती कमी करते, जास्त नाही. १९९१ चं 'आय कान्ट मेक यू लव्ह मी' ऐका, ब्रूस हॉर्नस्बीचा पियानो आहे, समोरच्याचं आपल्यावर प्रेम नाही हे कळलेल्या बाईचं शेवटच्या रात्रीचं गाणं. दुसरी कुणीही असती तर शेवटी टाहो फोडला असता (नंतर ते गाणाऱ्या बऱ्याच जणांनी फोडलाय), ही ओरडतच नाही, म्हणून ते जास्त लागतं. ते गाणं तिनं लिहिलेलं नाही, माईक रीड आणि अ‍ॅलन शॅम्बलिनचं आहे, आणि हा माईक रीड आधी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचा, हे कळल्यावर मी दोन मिनिटं गप्पच झालो होतो. तिची गाजलेली बहुतेक गाणी दुसऱ्यांची आहेत. 'समथिंग टू टॉक अबाउट' शर्ली आयकहार्डचं, 'थिंग कॉल्ड लव्ह' जॉन हायटचं, 'एंजल फ्रॉम माँटगोमरी' जॉन प्राईनचं. आणि ती स्टेजवरून गीतकाराचं नाव घेते, म्हणजे आपल्याकडे मैफलीत बंदिश कुणाची ते सांगतात तसं. मी अमेरिकेत असताना तिला एकदा लाईव्ह ऐकलं तेव्हा हे फार जाणवलं. शेजारी एक आजी होत्या, त्या सत्तरच्या दशकापासून ऐकतायत म्हणाल्या आणि प्रत्येक सोलोला मान डोलवत होत्या.

मधला काळ वाईट गेला तिचा. सत्तरच्या दशकात समीक्षक खूश पण रेकॉर्ड्सचा खप बेताचा, १९७४ च्या 'स्ट्रीटलाइट्स'वर तर व्हायोलिनांचा एवढा साखरपाक ओतलाय की मला तो पूर्ण ऐकवत नाही. १९८३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सनं काढून टाकलं, अल्बम जवळजवळ तयार असताना. तोच अल्बम १९८६ मध्ये 'नाईन लाईव्ह्ज' नावानं आला आणि खरं सांगायचं तर तिचा सगळ्यात कमजोर अल्बम आहे. दारू आणि बाकीचं चालूच होतं. १९८७ मध्ये तिनं दारू सोडली, ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनला न पिता वाजवताना बघून धीर आला असं तिनंच सांगितलंय. आणि मग १९८९ मध्ये 'निक ऑफ टाईम', डॉन वॉझनं प्रोड्यूस केलेला. वय एकोणचाळीस. आई-वडील म्हातारे होतायत, मैत्रिणीला मूल हवंय आणि वेळ निघून चाललीय, यावर तिनं स्वतः लिहिलेलं शीर्षकगीत. पुढच्या वर्षी त्या अल्बमला तीन ग्रॅमी, जुना ब्लूजवाला जॉन ली हुकर याच्याबरोबरच्या गाण्याला चौथा, अल्बम पहिल्या नंबरवर. चाळिशीतल्या बाईला पॉपमध्ये हे मिळणं म्हणजे तेव्हा फार दुर्मिळ होतं, त्यामुळे त्या वयाच्या बायकांची एक मोठी फौज तेव्हापासून तिच्यामागे आहे, आजींसारखे सत्तरवाले चाहते वेगळे, या नव्वदवाल्या वेगळ्या.

आणि तुम्ही विचारलेला २०२३ चा पुरस्कार कशाला मिळाला तेही सांगतो, कारण साँग ऑफ द इयर हा गाणं लिहिणाऱ्याचा पुरस्कार असतो, गाणाऱ्याचा नाही. जन्मभर दुसऱ्यांची गाणी गाणाऱ्या बाईला त्र्याहत्तराव्या वर्षी लिहिण्यासाठी मिळाला! तिनं टीव्हीवर एक बातमी बघितली होती, मुलगा गेला, आईनं त्याचे अवयव दान केले, आणि ज्याला हृदय मिळालं त्या माणसाला आई भेटायला गेली, तिनं त्याच्या छातीला कान लावला. त्यावर 'जस्ट लाईक दॅट'. बरीचशी एकटी गिटार आणि जवळजवळ बोलल्यासारखं गाणं, हे सरळसरळ जॉन प्राईनचं वळण आहे, तो २०२० मध्ये कोविडनं गेला आणि पुरस्कार घेताना तिनं त्याचं नाव घेतलंच.

ऐकायला सुरुवात करायची तर हिट गाण्यांच्या संग्रहापासून करू नका. आधी १९७२ चा 'गिव्ह इट अप' पूर्ण ऐका, त्यात पोरवयातली मस्ती आहे, मग 'निक ऑफ टाईम', मग एकदम २०२२ चा 'जस्ट लाईक दॅट'. मधल्या पन्नास वर्षांत आवाज किती कमी बदललाय ते बघा. व्हिडिओ बघत असाल तर तिच्या त्या तपकिरी स्ट्रॅटोकास्टर गिटारकडे लक्ष ठेवा, १९६९ मध्ये १२० डॉलरला घेतलेली, तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात ती असतेच. ती बनवणाऱ्या फेंडर कंपनीनं १९९५ मध्ये तिच्या नावाचं मॉडेल काढलं, एखाद्या बाईच्या नावाचं त्यांचं पहिलंच, तरी हिनं आपली जुनी सोडलेली नाही.