सतरा पारे पाठ असलेल्या मुलाला आळशी म्हणू नका

स. न. वि. वि.

निपाणीजवळच्या गावातून आपण लिहिता की, मराठी शाळेत सहावी झाल्यावर दोन वर्षांपूर्वी आपला मुलगा हिफ्जला, म्हणजे कुराण तोंडपाठ करायला, बसला, आता तो १३ वर्षांचा आहे आणि कुराणाच्या ३० भागांपैकी त्याचे १७ पारे पाठ झाले आहेत. पूर्वी रोज पानभर सबक (नवा धडा) पाठ करून देणारा हा मुलगा आता पाच ओळींवर अडतो, आणि येत्या रमजानआधी दस्तारबंदी (हिफ्ज पूर्ण झाल्यावर पगडी बांधण्याचा समारंभ) होणार असे आपण सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवले आहे. त्याचा आळस कसा घालवावा आणि हाफिज (पूर्ण कुराण पाठ असलेला) झाल्यावर शाळेची गरज उरते का, असे आपले दोन प्रश्न आहेत. त्यातल्या पहिल्याच प्रश्नाने मला अस्वस्थ केले.

हा आळस नाही. हिफ्जच्या मुलाला रोज नवा सबक द्यावा लागतो, गेल्या काही दिवसांचा सबकी ऐकवावा लागतो आणि जुन्या पाऱ्यांची मंजिलही (उजळणी) फिरवावी लागते. तीन पारे पाठ असताना मंजिल थोड्या वेळात उरकते. १७ पारे झाले की, पाठांतराच्या हाफिजी प्रतीत एका पाऱ्याची २० पाने धरली तरी ३४० पाने ताजी ठेवून त्यावर नवे पान चढवायचे असते. म्हणजे आपल्या मुलाचे काम वाढले आहे आणि दिवस तेवढाच आहे. कुराण दोरीने बांधलेल्या उंटापेक्षाही लवकर निसटते, अशी हदीस (पैगंबरांचे वचन) आहे, ती मंजिलीची ताकीद देण्यासाठीच. रमजानची तारीख गाठण्यासाठी मंजिल मागे टाकून सबक पुढे रेटला, तर डोक्यावर पगडी बसेल आणि वर्षभरात निम्मे पारे कच्चे होतील.

रात्री आपण त्याचे ऐकत असताना तो सूरह (अध्याय) बकरामधून निघून सूरह अअराफमध्ये गेला आणि आपण त्याला थप्पड मारली, असेही आपण लिहिता. ती जागा कोणती असेल याचा मला अंदाज आहे. बनी इस्राईलला वस्तीत जाण्याचा हुकूम झाल्याचा प्रसंग पहिल्या पाऱ्यातही येतो आणि नवव्या पाऱ्यातही, आणि दोन्हीकडचे शब्द बरेचसे सारखे आहेत. मुतशाबिहात, म्हणजे एकमेकांसारख्या आयती, म्हणतात ती हीच ठिकाणे. तरावीह (रमजानमधील रात्रीची नमाज) पढवणारा मुरलेला हाफिजही तेथे घसरतो, म्हणून मागे सामे (ऐकणारा हाफिज) उभा असतो आणि तो लुकमा देतो, म्हणजे चुकलेला शब्द सांगतो. मोठ्या हाफिजाला जेथे लुकमा मिळतो, तेथे आपल्या मुलाला मार मिळाला, याचा आपण एकदा शांतपणे विचार करावा. मार बसल्यापासून तो आपल्यासमोर तोंड उघडत नाही, हे आपणच लिहिले आहे, आणि माझ्या मते त्याच्या पाच ओळींवर अडण्याचे निम्मे कारण तेच आहे.

हाफिजाच्या आईवडिलांना कयामतच्या दिवशी ताज (मुकुट) घातला जाईल, या हदीसचा आपण उल्लेख केला आहे. तिच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. परंतु तिच्यात कुराण पढण्याबरोबर त्यावर अमल करण्याची अट आहे, तारखेची नाही. खुद्द कुराण सुमारे २३ वर्षांत थोडे थोडे उतरले. तेव्हा पाहुण्यांना सांगितलेली तारीख आपण स्वतः मागे घ्या, तीही मुलाच्या देखत. किती ओळींचा सबक घ्यायचा हे उस्तादांवर सोडा आणि रात्रीचे ऐकणे काही महिने बंद ठेवा.

हाफिज झाला की अरबी येईलच आणि सौदीत दुभाष्याची नोकरी मिळेल, असे आपण गृहीत धरले आहे. तसे होत नाही. हिफ्जमध्ये शब्द, उच्चार आणि तजवीद (पठणाचे नियम) पक्की होते. अर्थ कळण्यासाठी सर्फ आणि नह्व, म्हणजे अरबीचे व्याकरण, वेगळे शिकावे लागते, आणि बोलचालीची अरबी त्याहून निराळी असते. ज्याचे तीसही पारे पाठ आहेत असा मुलगा अरबी वर्तमानपत्रातील साधी बातमी समजू शकणार नाही, हे अगदी शक्य आहे. हिफ्जचे मोल त्यामुळे कमी होत नाही, पण त्याच्या भरवशावर नोकरीचे आडाखे बांधणे मुलावर अन्याय करणारे आहे.

शाळेची गरज उरते. शिक्षणहक्क कायद्यानुसार त्याला आजही वयानुरूप वर्गात प्रवेश मागता येतो. हिफ्ज पूर्ण करायचे असेल, तर १४ वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी द्यावी. तेथे किमान पाच विषय लागतात, आणि भाषांमध्ये मराठी, उर्दू, कन्नड, अरबी उपलब्ध आहेत. बिदरच्या शाहीन संस्थेत हाफिज मुलांना शालेय विषयांत आणण्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे, त्याचीही चौकशी करावी. पुढे आलिम (धर्मशास्त्राचा विद्वान) व्हायचे असले तरी दहावी हातात असावीच.

कन्नडकडे मात्र विशेष लक्ष द्या. घरी दखनी, शाळेत मराठी आणि मदरशात उर्दू-अरबी अशा वातावरणात आपल्या भागातील मुलांची कन्नड कच्ची राहते, आणि कर्नाटकात सरकारी नोकरीच्या वाटेवर तीच आडवी येते. उस्तादांशी बोलून असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतरचा एक तास गणित आणि कन्नडसाठी मोकळा करून घ्या. दहावीचा अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा उरलेले विषय त्याचे त्याला निवडू द्या.