घरच्या फाइल सर्व्हरला कोणता मदरबोर्ड आणि कोणतं कंट्रोलर कार्ड घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चौथ्या पिढीचा आय५ आणि एच८१ मदरबोर्ड असलेला जुना संगणक घरात पडून आहे. कारखान्यातल्या टॉवेलच्या जेकार्ड डिझाइनच्या फाइली आणि घरचे फोटो-व्हिडिओ एका जागी ठेवायला त्याचा फाइल सर्व्हर करायचाय. ४ टीबीच्या चार डिस्क घेणार आहात. दुकानदार म्हणतोय की सेकंडहँड हार्डवेअर रेड कार्ड (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड) घ्या, नाहीतर सरळ मदरबोर्डच नवा घ्या.

रेड कार्ड अजिबात घेऊ नका. आणि मदरबोर्डही आत्ता बदलायची गरज नाही.

मी सोलापुरातच छोट्या ऑफिसांचे आणि कारखान्यांचे संगणक सांभाळतो, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो. हार्डवेअर रेड कार्ड चारही डिस्क आपल्या ताब्यात घेतं आणि ऑपरेटिंग सिस्टीमला एकच मोठी डिस्क दाखवतं. कोणत्या डिस्कवर काय आहे याचा हिशेब ते स्वतःच्या पद्धतीने ठेवतं. उद्या ते कार्ड गेलं, तर डिस्क धडधाकट असूनही डेटा वाचायला त्याच कंपनीचं, बहुतेक वेळा त्याच मालिकेतलं कार्ड शोधत बसावं लागतं. जुन्या कार्डावरची बॅटरी बहुधा उतरलेलीच असते. मग राइट कॅशे (लिहायचा डेटा क्षणभर धरून ठेवणारी मेमरी) बंद पडते आणि ज्या वेगासाठी कार्ड घेतलं तो वेगही जातो. याउलट हेच काम कार्डाशिवाय करणारा लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड किंवा झेडएफएस ही फाइल सिस्टीम वापरलीत, तर चारही डिस्क काढून दुसऱ्या साध्या संगणकाला लावता येतात. डिस्कचा क्रम बदलला तरी चालतो, तिथला लिनक्स त्या ओळखतो. बारा-पंधरा वर्षांच्या डिझाइनांचा प्रश्न असेल तर ही मोकळीक फार मोलाची आहे.

म्हणजे कंट्रोलरकडून (डिस्क जोडणाऱ्या चिपकडून किंवा कार्डाकडून) एवढंच हवंय, की डिस्क जशी आहे तशी सिस्टीमपुढे ठेवावी आणि मध्ये स्वतःचं काही घालू नये. मदरबोर्डवरचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या खाचा) हे काम उत्तम करतात. फक्त बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय ठेवा. तिथे दिसणारा रेडचा पर्याय निवडू नका.

आता तुमचा एच८१. त्याला एकूण चार साटा पोर्ट मिळतात, दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. ३ गिगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३०० एमबीच्या आतबाहेर. फिरणारी हार्डडिस्क १५० ते २५० एमबी देते, म्हणजे जुना पोर्टही तिला पुरून उरतो. शिवाय घरातलं नेटवर्क गिगाबिट असेल तर केबलमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जाणार. तेवढं एकटी डिस्कसुद्धा देते. वेगासाठी कार्डावर पैसे घालायचं कारणच उरत नाही.

अडचण वेगळीच आहे, ती पोर्टच्या संख्येची. चार डिस्क आणि सिस्टीमसाठी एक छोटी एसएसडी, म्हणजे पाच पोर्ट लागतात. पेन ड्राइव्हवर सिस्टीम टाकायचा सल्ला कोणी देईल. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात पेन ड्राइव्ह टिकत नाही, त्या वाटेला जाऊ नका. एएसमीडियाची एएसएम १०६४ चिप असलेलं चार पोर्टचं किंवा एएसएम ११६६ चिप असलेलं सहा पोर्टचं साधं साटा कार्ड घ्या. आय५ मध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्याने ग्राफिक्स कार्डाचा मोठा स्लॉट रिकामा आहे, कार्ड तिथे बसवा. दहा-बारा पोर्टची स्वस्त कार्डं दिसतील. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर खरे पोर्ट मोजकेच असतात आणि पोर्ट मल्टिप्लायर चिप लावून ते वाढवलेले असतात. एका डिस्कने खोड्या केल्या की शेजारच्या डिस्कही गायब होतात. तसलं कार्ड नको.

जोडणी अशी करा. सिस्टीमची एसएसडी आणि तीन डिस्क मदरबोर्डवर, चौथी डिस्क कार्डावर. डिस्कच्या दोन जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत एकाची हुबेहूब प्रत दुसरीवर राहू द्या. वापरायला ८ टीबी मिळतील. चारही डिस्क कार्डावर लावल्यात आणि कार्ड बंद पडलं, तर सगळं कामच थांबतं. एकच लावलीत तर एक डिस्क बाहेर पडेल, बाकीचं चालू राहील. कुठली डिस्क कुठे जोडलीय याच्याशी सॉफ्टवेअर रेडला काही देणंघेणं नाही.

एलएसआयच्या एचबीए कार्डांचंही (सर्व्हरमध्ये बऱ्याच डिस्क जोडायच्या कार्डांचंही) तुम्ही विचारलंय, ९२११-८आय आणि त्याच्याच एसएएस २००८ चिपवरचं डेलचं एच३१० किंवा आयबीएमचं एम१०१५. ही कार्डं मनापासून चांगली आहेत, पण आयटी मोडचं फर्मवेअर टाकलेलं असेल तरच. त्या फर्मवेअरवर ती रेडच्या भानगडीत न पडता डिस्क थेट दाखवतात. विकणारा आयटी मोड म्हणाला तरी आवृत्ती विचारा, २०.००.०७.०० असेल तर ठीक. केबलही बघून घ्या. एका टोकाला कार्डात बसणारा एसएफएफ-८०८७ कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला चार साटा असलेल्या केबली दिसायला सारख्याच असतात, पण त्यात फॉरवर्ड आणि रिव्हर्स असे दोन प्रकार येतात. कार्डातून डिस्ककडे जायला फॉरवर्ड लागते. रिव्हर्स लावली तर डिस्क दिसतच नाही आणि माणूस उगाच कार्डाला दोष देत बसतो. एच३१० किंवा एम१०१५ लावल्यावर संगणक सुरूच होत नसेल, तर कार्डाच्या बी५ आणि बी६ या दोन पिनांवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी चिकटवून बघा, बऱ्याच साध्या मदरबोर्डवर त्याने काम होतं.

तरीही तुम्हाला मी ते सुचवत नाही, आणि कारण आपलं हवामान. ही कार्डं सर्व्हरच्या डब्यासाठी बनवलेली आहेत, तिथे पंखे सतत जोरात वारा मारत असतात. चिपवरचा हीटसिंक जेमतेम दोन बोटं रुंद. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास डिस्क एकामागून एक नाहीशा व्हायच्या आणि रात्री सगळं सुरळीत असायचं. डबा उघडला तर मागांवरचे सुताचे बारीक तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये इतके घट्ट बसले होते की चिमट्याने काढल्यावर त्याची वातीसारखी पट्टीच निघाली. बाहेर ४३ अंश, डबा बंद, आणि कार्डापाशी वारा अजिबात नाही. पट्टी काढून चिपसमोर एक ८० मिमीचा पंखा बांधला आणि तक्रार थांबली. तुमची खोली कारखान्याला लागूनच आहे म्हणता, तर हे तुमच्याकडेही होणारच. साधं साटा कार्ड दोन-तीन वॅट खातं, एचबीए आठ-दहा वॅट. दहा वॅट चोवीस तास म्हणजे वर्षाला ८७-८८ युनिट, आणि ती सगळी उष्णता डब्यातच राहते. सहापेक्षा जास्त डिस्क झाल्या की एचबीए जरूर घ्या, पण त्याच्यासाठी वेगळा पंखा लावूनच.

डिस्कसमोर १२० मिमीचा पंखा आणि त्यापुढे धुता येणारी जाळी लावा. उन्हाळ्यात दर आठवड्याला जाळी झटका. डिस्कचं तापमान ४५ च्या खाली राहिलं तर उत्तम, ५० च्या वर जाऊ लागलं तर डब्याची जागा बदला.

पुढे कधी मदरबोर्ड घ्यायचाच झाला, तर प्रोसेसरच्या आधी पोर्ट आणि स्लॉट मोजा. एच६१० किंवा बी७६० वर साधारण चारच साटा मिळतात, पण सिस्टीमसाठी एम.२ स्लॉट (बोर्डावरच एसएसडी बसवायची खाच) वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या चार डिस्क कार्डाशिवाय बसतात. काही बोर्डांवर एम.२ मध्ये साटा प्रकारची एसएसडी घातली की एक साटा पोर्ट बंद होतो. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, खरेदीआधी वाचा. इंटेलचा नावामागे एफ असलेला प्रोसेसर घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतं, मग मोठा स्लॉट ग्राफिक्स कार्डातच अडकतो. जुन्या झिऑनसोबत स्वस्तात मिळणारे एक्स७९, एक्स९९ बोर्ड आपल्या गरमीत आणि वीजबिलात परवडत नाहीत. ईसीसी रॅम (स्वतःतल्या चुका ओळखून सुधारणारी) असली तर बरंच, तुमच्या एच८१ वर ती चालत नाही. तेवढ्यासाठी अडून बसू नका. ते पैसे एका बाहेरच्या डिस्कवर घाला आणि डिझाइनांची एक प्रत कारखान्यापासून दूर, नातेवाइकांकडे ठेवा. चार डिस्कचा रेड हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तो सगळ्या प्रतींवरून पुसतो.

पॉवर सप्लायला साटाच्या पुरेशा तारा नसतील तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून) साटा करणारे कनेक्टर नीट बघून घ्या. ओतीव प्लॅस्टिकचे नकोत, ते जळाल्याची उदाहरणं बरीच आहेत. तारा दाबून बसवलेले घ्या. यूपीएस यूएसबी पोर्टवालाच हवा. वळवाच्या पावसात वीज गेली की सर्व्हरला ते कळायला हवं आणि तो आपोआप नीट बंद व्हायला हवा. लिनक्सवर नट नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं.

डिस्क अजून घेतल्या नसतील तर थांबा. एसएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क रेडमध्ये नको, खराब डिस्क बदलताना ती इतकी मंदावते की जीव टांगणीला लागतो. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red, लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं, त्यामुळे वेष्टनावर ‘नास’ (NAS, नेटवर्कवरचा फाइल सर्व्हर) लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. पूर्ण मॉडेल नंबर इथे टाका, बघून सांगतो.