ब्रॅकेटच्या एका एफईए रनला (भागावर किती ताण येतो याचं कॉम्प्युटरवरचं गणित) ४० मिनिटं लागतात, वजन आणि स्ट्रेस दोन्ही कमी करायचेत, सरोगेट मॉडेल वापरू का?

हो, वापराच. सरोगेट म्हणजे थोड्या खऱ्या रनवरून शिकून बाकीचा अंदाज झटक्यात देणारं मॉडेल. तुम्ही लिहिलंय की ब्रॅकेटचे ५ व्हेरिएबल आहेत आणि सरांनी एनएसजीए-२ (पिढ्यानपिढ्या डिझाइन सुधारत दोन्ही उद्दिष्टं एकदम साधणारा अल्गोरिदम) लावायला सांगितलंय. अल्गोरिदम उत्तमच आहे, कल्याणमय देब आणि आयआयटी कानपूरच्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००२ मध्ये मांडलेला, पण पॉप्युलेशन (एका पिढीतली डिझाइन) १०० आणि जनरेशन (पिढ्या) २०० धरलं की २०,००० रन होतात, म्हणजे पीसी क्षणभरही बंद न करता साडेपाचशे दिवस.

पहिली गोष्ट, वजनाला सरोगेट लावू नका, ते कॅडमधून दोन सेकंदात मिळतं. मॉडेल फक्त स्ट्रेससाठी करा.

त्यासाठी क्रिगिंग नावाचं सरोगेट घ्या, कळायला एकदम सोपं आहे. आमच्याकडे सिन्नरच्या बाजूला बोअर मारायच्या आधी लोक शेजारच्या मळ्यांत विचारून येतात की तुला किती फुटाला पाणी लागलं, आणि जवळच्या बोअरवर जास्त भरवसा ठेवतात, लांबच्यावर कमी. डॅनी क्रिग हा दक्षिण आफ्रिकेतला खाण इंजिनिअर, त्याने १९५१ च्या सुमारास सोन्याच्या खाणीत थोड्या नमुन्यांवरून बाकी जमिनीचा अंदाज असाच बांधला, नाव त्याच्यावरूनच पडलं. आणि याचा खरा फायदा हा की क्रिगिंग नुसता अंदाज देत नाही, तो अंदाज कुठे कच्चा आहे तेही सांगतं.

सुरुवातीला व्हेरिएबलमागे १० पॉइंट धरा, लॅटिन हायपरक्यूबने (प्रत्येक व्हेरिएबलची सगळी रेंज सारखी व्यापणारी पद्धत) पसरवा. ५० रन म्हणजे साधारण ३३ तास, शुक्रवारी संध्याकाळी लावले तर रविवारी पहाटे हातात येतात (लाईट गेली नाही तर, म्हणून प्रत्येक रनचा रिझल्ट लगेच सेव्ह होईल असं स्क्रिप्ट लिहा).

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. सातपूरला एका कंपनीत असताना मी असाच मोटर माउंटिंग ब्रॅकेट केला होता, ६ व्हेरिएबल, ६० रन, क्रॉस व्हॅलिडेशनमध्ये (थोडे पॉइंट बाजूला ठेवून मॉडेल तपासणं) एरर छान कमी, पॅरेटो फ्रंट (वजन आणि स्ट्रेसमधल्या सर्वोत्तम तडजोडींची रेषा) अगदी गुळगुळीत आला आणि मी तो तसाच पुढे पाठवला. नंतर फ्रंटवरचे दोन पॉइंट खऱ्या एफईएमध्ये टाकून बघितले तर सरोगेट १८२ एमपीए म्हणत होतं तिथे २४७ आले! मटेरियलची यील्डच (जिथून धातू कायमचा वाकतो तो स्ट्रेस) २५० ची. शीट पातळ आणि फिलेट (आतल्या कोपऱ्याची गोलाई) लहान अशा डिझाइनपाशी माझा एकही सॅम्पल नव्हता, आणि ऑप्टिमायझर नेमका तिथेच जाऊन बसला होता. तो नेहमी तिथेच जातो, कारण मॉडेल जिथे चुकून चांगलं उत्तर दाखवतं ती जागा त्याला सगळ्यात आवडते. सरासरी एरर कमी असून उपयोग नाही, फ्रंटजवळचा एरर बघायचा.

म्हणून सगळे रन आधीच संपवू नका. ५० नंतरचे ३० तरी राखून ठेवा, मॉडेलवर एनएसजीए-२ चालवा, फ्रंटवरचे ३-४ पॉइंट उचला, त्यात एखादा जिथे क्रिगिंग स्वतःच साशंक आहे असा घ्या, खरी एफईए करा, डेटात टाका, मॉडेल परत बांधा. फ्रंट हलायचा थांबेपर्यंत हेच. हे आपोआप करायचं असेल तर पॅरइगो ही पद्धत बघा, जोशुआ नोल्सने २००६ मध्ये मांडलेलं, महागड्या रनसाठीच केलंय.

अजून एक, मॅक्स स्ट्रेस थेट मॉडेल केला की त्रास होतो. मॅक्स कधी फिलेटवर असतो, कधी बोल्टच्या होलवर, जागा बदलली की ग्राफला कोन पडतो आणि क्रिगिंगला कोन जमत नाही. फिलेटचं वेगळं मॉडेल, होलचं वेगळं, आणि मोठा आकडा शेवटी घ्या. मेश (एफईएसाठी भागाचे केलेले बारीक तुकडे) बदलला की आकडा थोडा हलतोच, त्यासाठी नगेट (मॉडेलला पॉइंटपासून थोडं हटू देणारी सेटिंग) चालू ठेवा, नाहीतर मॉडेल प्रत्येक पॉइंटमधून जायच्या नादात वेडंवाकडं होतं.

शीटची जाडी व्हेरिएबल असेल तर ती सलग धरू नका. ऑप्टिमायझर २.२३ मिमी सांगेल, अंबडच्या शीटवाल्याकडे २ आणि २.५ मिळते. प्रत्येक जाडीला वेगळा ४ व्हेरिएबलचा फ्रंट काढा आणि सगळे एकाच ग्राफवर टाका, मग कुठली शीट कुठल्या वजनापर्यंत परवडते ते सरांनाही एका नजरेत दिसेल.