१९५४ च्या पहिल्या रग्बी लीग विश्वचषकात गुण समान असताना ब्रिटन विजेता कसा ठरला?

निर्णायक सामना खेळवून. फ्रान्समधल्या या स्पर्धेत ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे चारच संघ होते. प्रत्येकाशी एक सामना, विजयाला २ गुण, बरोबरीला १. टुलूझला ब्रिटन-फ्रान्स १३-१३ बरोबरीत सुटले, बाकीचे सामने दोघांनीही जिंकले, म्हणून दोघांचे ५-५ गुण झाले. गुणफरक (सामन्यांत केलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक) पाहिला असता तरी ब्रिटनच पुढे होता: +३५ विरुद्ध +१९.

१३ नोव्हेंबरला पॅरिसच्या पार्क दे प्रँसवर ब्रिटन १६-१२ ने जिंकला. आजच्या हिशेबाने हा आकडा जुळवू नका. तेव्हा ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे) ३ गुणांचा होता, आज तो ४ गुणांचा आहे; गोल (किक मारून चेंडू खांबांमधून पाठवणे) २ गुणांचा. ब्रिटनचे ४ ट्राय नि २ गोल, फ्रान्सचे २ ट्राय नि ३ गोल. बरेच नामवंत खेळाडू नसताना कर्णधार डेव्ह व्हॅलेंटाइनच्या ब्रिटिश संघाने हे साधलं, याचं मोल फार मोठं आहे.